पांघरुणापासून उंबऱ्यापर्यंत : हिवाळ्यातल्या धावण्याविषयी

थंडीने होणाऱ्या हालांना मराठीत शब्दांची ददात नाही. आपण कुडकुडतो, काकडतो, गारठतो. अंगात हुडहुडी भरते, हातपाय आखडतात, दातांवर दात वाजतात. हे शब्दवैभव पाहून एखाद्या परक्या माणसाला महाराष्ट्रात दरवर्षी बर्फ पडतो असे वाटेल. प्रत्यक्षात पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीतले पहाटेचे तापमान साधारण दहा-बारा अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली की ते आठ-नऊवर येते. निफाडचा पारा त्याहून खाली घसरला की वर्तमानपत्रांत बातमी होते. मुंबईत सोळा-सतरा अंशांनाच स्वेटर कपाटाबाहेर येतात. तरीही 'थंडी संपली की धावायला लागू' हे वाक्य दर हिवाळ्यात घरोघरी ऐकू येते.

या वाक्यातली गंमत अशी की आपल्याकडे धावण्याचा खरा हंगाम हिवाळा हाच आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी परंपरेने डिसेंबरचा पहिला रविवार ठरला. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. एप्रिल-मेच्या उन्हात आणि जून-जुलैच्या पावसात लांब पल्ल्याची मोठी शर्यत घेणे अवघड, म्हणून संयोजकांनी थंडीचे महिने निवडले. युरोप-अमेरिकेत हिवाळा ही धावपटूंची अडचण असते, आपल्याकडे ती सोय आहे. अडचण आहे ती पांघरुणाची.

लांब धावण्यासाठी कोणते हवामान सर्वांत चांगले, याचा एक मोठा अभ्यास फ्रेंच संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पॅरिस, लंडन, बर्लिन, बॉस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या २००१ ते २०१० या दहा वर्षांतल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळा त्यांनी तपासल्या. धावपटूंच्या वेगवेगळ्या गटांसाठी सर्वांत अनुकूल तापमान ३.८ ते ९.९ अंश सेल्सियस या टप्प्यात आले. तापमान त्यापुढे चढत गेले तशा वेळा लांबल्या, आणि शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. थोडक्यात, ज्या पहाटेला आपण 'आज फारच गारठा आहे' म्हणून कुशीवर वळतो, ती पहाट धावण्याच्या दृष्टीने वर्षातल्या उत्तम पहाटांपैकी एक असते.

याचे कारण शरीराच्या हिशेबात आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातला जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. साठ किलो वजनाचा माणूस ताशी दहा किलोमीटर वेगाने धावला तर तासाला ढोबळमानाने सहाशे किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे शरीरात सुमारे पाचशे वॅट इतकी उष्णता तयार होत राहते. स्वस्थ बसलेल्या माणसात ती शंभर वॅटच्या आतबाहेर असते. एवढी उष्णता बाहेर टाकणे हे धावणाऱ्या शरीरापुढचे मोठे काम, आणि गार हवा ते हलके करते. थंडीत अनुभवी धावपटू बाहेर पडताना हवा आहे त्यापेक्षा दहा अंश गरम आहे असे समजून कपडे घालतात. सुरुवातीची दहा मिनिटे थोडे काकडावे लागते, त्यानंतर कानटोपी खिशात जाते.

मग अडते कुठे? त्या पहिल्या दहा मिनिटांच्याही आधी, अंथरुणात.

माणसाच्या शरीराचे अंतर्गत तापमान दिवसभर सारखे नसते. ते संध्याकाळी सर्वांत जास्त आणि पहाटे, नेहमीच्या जागे होण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास, सर्वांत कमी असते. गजर पाचला लावला तर तो याच उताराच्या तळाशी वाजतो. त्यात झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. निद्राशास्त्रात या अवस्थेला 'झोपेचे जडत्व' म्हणतात. ते साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकते, झोप अपुरी असेल तर अधिकही. या काळात निर्णयशक्ती मंद असते. म्हणजे 'आज जायचे का?' हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो तो नेमका चोवीस तासांतल्या सर्वांत वाईट वेळी, सर्वांत वाईट सल्लागाराला. उत्तर काय येणार हे ठरलेलेच असते.

त्यात सूर्यही साथ देत नाही, आणि ही बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. भारताचे घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेले आहे. मुंबई त्या रेषेच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांहून जास्त अंतरावर आहे आणि दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या मागे सुमारे ३८ मिनिटे चालतो. पुण्यात हा फरक ३५ मिनिटांच्या आसपास आहे. जूनच्या सुरुवातीला मुंबईत सहाच्या सुमारास उजाडते, जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातला उगवतो. घड्याळातले सहा दोन्हीकडे सारखेच, पण जूनमधले सहा म्हणजे सकाळ आणि जानेवारीतले सहा म्हणजे रात्र.

याला आणखी एक पदर आहे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो म्हणून सर्वांत उशिराचा सूर्योदयही तेव्हाच होत असेल असे आपण धरून चालतो. तसे नाही. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सूर्याची मध्यान्ह रोज थोडी सरकते आणि आपल्या अक्षांशांवर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ते खरेच आहे, पण तोवर झालेली वाढ सगळी संध्याकाळच्या वाट्याला गेलेली असते. सकाळ तेव्हा सर्वांत उशिरा उजाडत असते. लोक नव्या वर्षाचा संकल्प करतात १ जानेवारीला आणि तो मोडतो दोन आठवड्यांत, नेमका सर्वांत अंधाऱ्या सकाळींच्या दिवसांत. संकल्प मोडणाऱ्याने स्वतःला आळशी ठरवण्याआधी पंचांगातल्या सूर्योदयाच्या वेळेकडे एकदा पाहावे.

शरीर आणि सूर्य यांच्यानंतर तिसरा अडथळा मनाचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक साधी गोष्ट तपासली. व्यायामाआधी लोकांना विचारले, तुम्हाला यातून किती आनंद मिळेल असे वाटते? व्यायामानंतर विचारले, किती मिळाला? मिळालेला आनंद अंदाजापेक्षा सातत्याने जास्त निघाला. चूक का होते, तेही त्यांनी शोधले. अंदाज बांधताना माणूस संपूर्ण तासाचा विचार करत नाही, सुरुवातीच्या नकोशा मिनिटांचाच करतो. व्यायामातला आपल्या आवडीचा भाग सर्वांत आधी ठेवायला सांगितले तेव्हा आनंदाचा अंदाजही वाढला. आपल्या विषयाला हे तंतोतंत लागू पडते. पांघरुणात पडून आपण डोळ्यांसमोर आणतो ती गार फरशी, थंडगार बूट आणि फाटकाबाहेरचा पहिला वारा. तिसऱ्या किलोमीटरला अंगात आलेली ऊब आणि परतताना टपरीवरचा चहा त्या चित्रात नसतो.

आता प्रेरणेकडे वळू. या शब्दाचा आपल्याकडे फार बोलबाला आहे. प्रेरणा देणारी व्याख्याने होतात, पुस्तके खपतात, सुविचार फिरतात. यामागचे गृहीत असे की आधी मनात इच्छा पेटते आणि मग पाय चालतात. इंग्लंडमधल्या तीन संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या गृहीतावर चांगला प्रकाश टाकतो. २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो हे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहून दिले. पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटे जोमदार व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के निघाले, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के. नुसत्या पटवून देण्याने काहीच घडले नाही. दिवस, वेळ आणि जागा ठरवण्याने घडले. नंतरच्या इतर अभ्यासांत हा परिणाम एवढा ठळक आढळला नाही, पण दिशा तीच राहिली.

याचा अर्थ असा की हिवाळ्यात पहाटे धावायला जाणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त प्रेरित असतो असे नाही. त्याने निर्णय आदल्या संध्याकाळी, जाग्या डोक्याने घेतलेला असतो, आणि पहाटेच्या झोपाळू डोक्याला मत विचारलेले नसते.

ही युक्ती आपल्या समाजाला विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या मानसशास्त्राने शिकवली असे मात्र नाही. या अंकाच्या वाचकांनी नुकताच तिचा अनुभव घेतला असेल. नरक चतुर्दशीची पहाट आठवा. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान झालेच पाहिजे. तिथी ठरलेली, वेळ ठरलेली, तेल-उटणे आदल्या रात्री काढून ठेवलेले, उठवायला घरातले माणूस आणि बाहेर शेजाऱ्यांचे फटाके. त्या दिवशी 'उठू की नको' हा प्रश्न लहान मुलांनाही पडत नाही. उशिरा न्हाणारा नरकात जातो ही समजूत धाक घालायला असतेच. पण धाकापेक्षा मोठे काम केले ते या सगळ्या बांधणीने.

खेड्यांतला काकडा हे तर याहून मोठे उदाहरण. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे थंडी हळूहळू उतरू लागते नेमक्या त्या महिन्यात, अनेक गावांत रोज पहाटे देवळात काकड आरती होते. कार्तिकस्नान करणाऱ्या बायका त्याहून आधी उठलेल्या असतात. पिळलेल्या कापडाची ती मोठी वात हातात धरून उभ्या असलेल्यांपैकी प्रत्येकाच्या मनात रोज भक्तीचा उमाळा येत असेल असे नाही. तरी तो येतो, कारण टाळ धरणारा वाट पाहत असतो आणि न आल्यास दुपारी पारावर विचारणा होते. तालमीतही हेच. पहाटे आखाडा खणणारा पोरगा उत्साहाच्या लाटेवर आलेला नसतो. आज आखाडा खणायची पाळी त्याची असते आणि वस्तादांची नजर दारावर असते.

म्हणजे आपल्या परंपरेने पहाटे उठणे हे व्यक्तीच्या मनोबलावर कधी सोडलेच नव्हते. त्यासाठी तिथी होती, ठरलेली जागा होती, सोबत होती आणि काही अंशी लोकलाजही होती. शहरात येऊन आपण ही सगळी बांधणी मागे टाकली आणि तिच्या जागी एकट्या माणसाच्या उशाशी एक मोबाइल ठेवला. त्यावर बोट फिरवले की गजर दहा मिनिटे गप्प बसतो.

इच्छा आधी की पाऊल आधी, या प्रश्नावर धावण्याच्या इतिहासातही बोलके दाखले आहेत. एमिल झाटोपेक हा चेक धावपटू १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकला. मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. हिवाळ्यात लष्करी बूट घालून बर्फातून सराव करणारा म्हणून त्याची ख्याती झाली. पण त्याची सुरुवात पाहा. १९४१ मध्ये तो झ्लिन गावच्या बाटाच्या बूट कारखान्यात कामाला होता. कारखान्याच्या शर्यतीत धावायला त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याने आपली तब्येत बरी नाही म्हणून टाळायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी तपासून तो ठणठणीत असल्याचे सांगितले, म्हणून नाइलाजाने तो उभा राहिला. धावू लागल्यावर मात्र त्याला जिंकावेसे वाटले, आणि तो दुसरा आला. जिंकण्याची इच्छा त्याला घरी बसून सापडली नव्हती, ती वाटेत भेटली.

आपल्याकडचे अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जावे लागे, ते अनेकदा धावत. बारावीनंतर ते लष्करात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सियाचीनच्या बर्फातही त्यांची नेमणूक झाली. स्पर्धात्मक धावणे सुरू झाले ते २०१५ च्या सुमारास, लष्करातल्याच क्रॉस कंट्री शर्यतींतून. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्यांनी मिळवले. इथेही आधी वाट आली, तिच्यामागे पलटणीची शिस्त आली आणि ध्येय सर्वांत शेवटी आले.

हे झाले असामान्य लोक. सामान्यांच्या धावण्याचा इतिहास न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सुरू होतो. आर्थर लिडियार्ड हे तिथले प्रशिक्षक, मूळचे बूट कारखान्यातले कारागीर. त्यांचे दोन शिष्य १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक जिंकले. पण त्याहून मोठे काम त्यांनी १९६२ मध्ये केले. हृदयविकार झालेल्या, पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसांना त्यांनी एकत्र हळूहळू धावायला लावले. नियम एकच, धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. थोड्याच दिवसांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले आणि या मंडळींबरोबर धावायला निघाले. ते तेव्हा पन्नाशीचे. बघता बघता मागे पडले. त्यांच्या सोबतीला जो माणूस थांबला, तो सत्तरी उलटलेला होता आणि त्याला हृदयविकाराचे तीन झटके येऊन गेले होते. बॉवरमन घरी परतले, आपल्या गावात त्यांनी असेच गट सुरू केले आणि एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले. अमेरिकेत धावण्याची जी लाट उसळली, तिला या पुस्तकाने मोठा हातभार लावला. त्या लाटेच्या उगमाशी बोलता बोलता धावणारा आणि मागे राहिलेल्यासाठी थांबणारा एक गट होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शिस्तीचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. इंग्लंडचे रॉन हिल हे १९७० चे बॉस्टन मॅरेथॉन विजेते, शिक्षणाने वस्त्ररसायनशास्त्रातले डॉक्टर. २० डिसेंबर १९६४ पासून ते रोज निदान एक मैल धावले आणि हा क्रम ५२ वर्षे ३९ दिवस चालला. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्यांवर मैल पुरा केला, मोटार अपघातात छातीचे हाड मोडल्यावरही खंड पडू दिला नाही. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये धावताना छातीत दुखू लागले तेव्हा थांबले. एवढ्या इंग्लिश हिवाळ्यांत एकही दिवस न चुकवणाऱ्या माणसापुढे हात जोडावेत, पण त्याचे अनुकरण मात्र करू नये. नियमाने माणूस बाहेर पडतो हे खरे, पण कधी पडू नये हेही नियमातच असले पाहिजे. आपल्या हिवाळ्यात अशी दोन कारणे आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिले कारण हवा. 'पहाटेची शुद्ध हवा' हा आपल्या बालपणीच्या निबंधांतला लाडका शब्दप्रयोग. खेड्यात तो बऱ्याच अंशी खरा असेलही, शहराच्या हिवाळ्यात तो बहुधा खोटा असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर तुलनेने गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, शेकोट्या आणि जाळलेला कचरा हे सगळे त्या झाकणाखाली कोंडते. ऊन चढून जमीन तापली की झाकण उघडते. म्हणून अशा दिवशी पहाटे सहाची हवा सकाळी नऊच्या हवेपेक्षा वाईट असू शकते. त्यात धावताना आपण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या दहापट किंवा त्याहून जास्त हवा आत ओढतो आणि तीही तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून.

२.५ मायक्रोमीटरहून बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली, भारताचे मानक ६० आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन पुढे ढकलावी अशी मागणी इंडियन मेडिकल असोसिएशनने केली होती. शर्यत ठरल्या दिवशी झाली, पुढच्या वर्षी मात्र ती ऑक्टोबरात घेण्यात आली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' ही हवेच्या मोजणीची आणि अंदाजाची यंत्रणा उभारली आहे. धावणाऱ्याने घड्याळाइतकीच तिच्याकडेही नजर टाकावी. राष्ट्रीय निर्देशांकात २०० च्या पुढे 'वाईट' हा वर्ग सुरू होतो. माझ्या मते निरोगी माणसानेही त्या दिवशी वेळ बदलावी किंवा घरात सूर्यनमस्कार घालावेत. दमेकऱ्यांनी ही रेषा आणखी अलीकडे ओढावी, कारण गार कोरडी हवा एरवीही त्यांच्या श्वासनलिका आकसवते.

दुसरे कारण हृदय. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात अधिक येतात आणि दिवसात पाहिले तर सकाळच्या तासांत अधिक येतात. पन्नाशीपुढच्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाने बरेच दिवसांच्या खंडानंतर डिसेंबरच्या पहाटे एकदम वेगाने धावू नये. आधी डॉक्टरांचा सल्ला, मग काही आठवडे चालणे, मग लिडियार्ड यांच्या नियमाने बोलत बोलत धावणे हा क्रम बरा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. 'एवढी फेरी पुरी करतो' म्हणू नये.

प्रेरणेच्या चर्चेत एक वर्ग नेहमी सुटतो. हिवाळ्यात पहाटे एसटीने प्रवास करणाऱ्याला तालुक्याच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरे-पोरी धावताना दिसतात. ही भरतीची तयारी. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि मिनिटा-सेकंदांवर गुण ठरतात. त्यांना थंडीत बाहेर कसे पडता असे विचारणे म्हणजे गवळ्याला पहाटे कसे उठता असे विचारण्यासारखे आहे. त्यांची अडचण वेगळी आहे. रस्त्याला दिवे नाहीत, कडेची पट्टी नाही, उसाच्या ट्रॉल्या भरधाव जातात. मुलींच्या बाबतीत तर जानेवारीतला सव्वासातचा सूर्योदय हा प्रेरणेचा नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे. शहरातही अनेक बायका एकट्याने धावत नाहीत, यात त्यांच्या निश्चयाची उणीव नसते. तालुक्याला एक दिवे असलेले, पहाटे पाचला उघडणारे मैदान मिळाले तर ते शंभर प्रेरक व्याख्यानांचे काम करील.

स्वतःपुरते काय करावे? वरच्या सगळ्याचा अर्क काढला तर गोष्टी थोड्याच उरतात. दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवावी. कपडे आणि बूट रात्रीच दाराशी काढून ठेवावेत. सुती बनियन घामाने भिजून थांबल्यावर अंग गारठवते, म्हणून घाम चटकन वाळणारा सदरा आणि परतल्यावर घालायला कोरडा कपडा असावा. एक तरी सोबती ठरवावा, जो कोपऱ्यावर वाट पाहील. आवडीचा रस्ता सुरुवातीला घ्यावा, चढ नंतर. पहिली दहा मिनिटे चालावे. ज्यांना सवड आहे त्यांनी पहाटेचा हट्टच सोडून ऊन पडल्यावर निघावे. आपल्या हिवाळ्यात साडेआठ-नऊचे कोवळे ऊन धावायला मुळीच वाईट नसते.

शेवटी मुदतीचे. लंडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती सवयीची व्हायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही, हा त्यातला सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष. एक दिवस चुकला की सगळे संपले असे मानणारा माणूस दुसऱ्या दिवशीही जात नाही.

लक्ष्मीपूजनापासून ६६ दिवस मोजले तर कार्तिक आणि मार्गशीर्ष संपून पौषाचा पहिला आठवडा येतो. म्हणजे दिवाळीच्या फराळानंतर सुरुवात करणाऱ्याला १ जानेवारीच्या संकल्पाची गरजच पडत नाही. संक्रांतीच्या सुमारास सर्वांत उशिरा उजाडणाऱ्या सकाळी येतील तेव्हा त्याचे पाय, मनाला न विचारता, बुटांत गेलेले असतील.